धुराची नळी सगळे तपासतात, ब्रेकची कोण बघणार?

"ब्रेक फेल झाला."

आपल्याकडे अपघाताच्या बातमीत हे तीन शब्द आले की विषय संपतो. वीज पडली, दरड कोसळली, ब्रेक फेल झाला. तिन्ही एकाच रांगेत. जणू ब्रेक फेल होणं हीसुद्धा आभाळातून येणारी गोष्ट आहे. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल, वारसांना मदत जाहीर, दोन दिवस चॅनेलवर चर्चा, की झालं. मग त्याच उतारावर पुढची गाडी येईपर्यंत सगळं शांत.

मला या तीन शब्दांवरच आक्षेप आहे. थोडं लांब लिहितोय, पण विषय तुमच्या-माझ्या जिवाचा आहे. पूर्ण वाचा.

आधी साधी गोष्ट. कारचा ब्रेक म्हणजे नेमकं काय? तुम्ही पॅडल दाबता, ती ताकद ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेतं. हे तेल बराच प्रवास लोखंडी बारीक पाइपातून करतं. पण चाक वर-खाली होतं, पुढचं चाक वळतं. तिथे लोखंडी पाइप टिकणार नाही. म्हणून चाकाजवळच्या शेवटच्या वीत-दोन वीत अंतरात रबरी होज असतो. तुमच्या घरच्यांचा जीव घाट उतरताना या वीतभर रबरावर असतो.

आणि रबर कसं मरतं? एका रात्रीत मरत नाही. उन्हाने वाळतं, इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं, तेल लागलं की फुगतं, टायरला किंवा पत्र्याला घासून झिजतं. आधी बारीक भेगा पडतात. मग ओल दिसते. मग थेंब. मग एके ठिकाणी फुगवटा. यात महिने जातात, कधी कधी वर्षं. म्हणजे रबर अगदी रीतसर नोटीस देतं. ती नोटीस घ्यायला आपल्या देशात खिडकीच नाही, हा माझा मुद्दा आहे.

आता कोणी जाणकार म्हणेल, आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट असतात, एक होज फुटला तरी अर्धा ब्रेक राहतो. बरोबर. पण सात माणसं आणि टपावर सामान घेऊन खंबाटकी किंवा आंबोली उतरणाऱ्या गाडीला अर्धा ब्रेक किती पुरेल, हे त्या गाडीत बसून सांगा.

आणखी एक. प्रत्येक 'ब्रेक फेल' हा होजचा दोष असतो असं मी म्हणत नाही. उलट नसतो, म्हणूनच तर चिडतोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना उडवलं. पहिल्या दिवशी सगळीकडे 'ब्रेक फेल'. नंतर पोलीस तपासात समोर आलं ते वेगळंच: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, म्हणजे एअर ब्रेकला नवी हवा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला बेस्टची बस गर्दीत घुसली. तिथेही पहिला शब्द 'ब्रेक फेल'. गाडी तपासल्यावर ब्रेकमध्ये दोष आढळला नाही आणि प्रश्न ड्रायव्हरच्या ट्रेनिंगवर आला.

म्हणजे बघा, 'ब्रेक फेल' या एकाच गोधडीखाली किती गोष्टी झाकल्या जातात. फुटलेला होज, तापलेले ड्रम, बंद केलेलं इंजिन, न शिकवलेला ड्रायव्हर. प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा. गोधडी काढली तर कोणाचे तरी पाय उघडे पडतील. म्हणून ती कोणी काढत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३६ प्रमाणे अपघातग्रस्त गाडीची तपासणी करता येते. मोठ्या अपघातात आरटीओचे निरीक्षक ती करतातही. ब्रेक कसे होते, पाइप कसे होते, टायर कसे होते याचा रिपोर्ट तयार होतो. मग तो जातो कुठे? पोलिसांच्या फाइलमध्ये, तिथून कोर्टात, विम्याच्या दाव्यात. तुम्हाला-मला तो कधीच दिसत नाही. विमान पडलं तर चौकशीचा अहवाल वेबसाइटवर येतो, कोणीही वाचावा. रस्त्यावर गाडीखाली माणसं मेली तर मात्र अहवाल कपाटात. मेलेल्याच्या तिकिटाच्या किमतीवरून त्याच्या मरणाचं कारण जाहीर करायचं की नाही हे ठरतं का?

आता अपघाताच्या आधीकडे येऊ. गाडी रस्त्यावर आहे, चालते आहे. तिच्या नळ्या कोण बघतं?

खासगी कार घ्या. नवी गाडी घेतली की रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. या पंधरा वर्षांत सरकार तुमच्या गाडीत डोकावतं ते फक्त एका बाबतीत: पीयूसी. पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, फोटो काढतो, कागद देतो. पेट्रोलचा होज ठिबकत असला तरी पीयूसी मिळते. ब्रेकचा होज टायरला घासून अर्धा राहिला असला तरी पीयूसी मिळते. मी पीयूसीच्या विरोधात नाही, हवा स्वच्छ हवीच. पण गाडीतून बाहेर पडणाऱ्या धुराची नळी दरवर्षी तपासायची आणि आत बसलेल्यांचा जीव ज्या नळीवर आहे तिला पंधरा वर्षं हात लावायचा नाही, हा कुठला हिशोब?

टॅक्सी, टेम्पो, ट्रॅव्हल्स, स्कूल व्हॅन यांना फिटनेस लागतो, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पासिंगची तयारी कशी होते हे ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा. गाडी धुवायची, रंगाचा हात मारायचा, रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या, पासिंगपुरते बरे टायर लावायचे. सगळी तयारी वरून दिसणाऱ्या गोष्टींची. कारण तपासणाराही वरूनच बघणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले. माणसाची मनमानी जाईल, मशीन खरं बोलेल. चांगली गोष्ट. सक्तीच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या तो भाग वेगळा. पण मशीनची मर्यादा समजून घ्या. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजला जातो. तो आजचा जोर. भेगा पडलेला होज आज पूर्ण जोर देतो आणि दोन महिन्यांनी कसारा घाटात फुटतो. ती भेग रोलरला दिसत नाही. त्यासाठी माणसाने खड्ड्यात उतरून, टॉर्च मारून, मान वर करून बघावं लागतं.

एसटीला नावं ठेवणं सोपं असतं. पण एसटीच्या आगारात निदान खड्डा असतो आणि त्यात उतरणारा मेकॅनिक असतो. ज्या खासगी ट्रॅव्हल्सच्या आरामदायी सीटवर आपण एसटीला हसत बसतो, तिच्या पोटाखाली शेवटचं कोण आणि कधी गेलं होतं, हे आपण एकदा तरी विचारलंय का?

इंग्लंडमध्ये राहणारे मराठी मित्र या यादीत असतील, त्यांनी कमेंटमध्ये सांगावं. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी 'एमओटी' करावी लागते. ब्रेकच्या होजला खोल भेगा, फुगवटा किंवा गळती असेल तर गाडी नापास. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे: गाडीचा नंबर टाकला की तिचा आजवरचा एमओटीचा इतिहास कोणीही ऑनलाइन बघू शकतं. कधी नापास झाली, कशात झाली, पास झाली तरी कोणत्या गोष्टीबद्दल ताकीद दिली होती, सगळं. आपल्याकडे एम-परिवहनवर काय दिसतं? फिटनेस अमुक तारखेपर्यंत. संपलं. काय तपासलं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता दुसरी नळी. पेट्रोलची.

२०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. ई-२० ला चालतील असे रबरी भाग नव्या गाड्यांत साधारण एप्रिल २०२३ पासून आले. त्याआधीच्या गाड्यांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच खुलासा केला की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल.

छान. मग हे कोणत्या पंपावर लिहिलंय? शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा, तेलाची आयात कमी व्हावी, याला माझा पाठिंबाच आहे. पण धोरण सरकारचं, पेट्रोल निवडायची सोय पंपावर नाही, आणि होज बदलायची जबाबदारी मात्र गुपचूप तुमची? ज्याने दहा वर्षं जुनी सेकंडहँड गाडी घेऊन दुधाचा नाहीतर भाजीचा धंदा टाकलाय, तो मंत्रालयाचे खुलासे वाचत बसत नाही. पेट्रोलचा वास आला तर तो काच खाली करतो. आणि गाडीने पेट घेतला की बातमी तयार असते: 'शॉर्ट सर्किट'. हा ब्रेक फेलचाच सख्खा भाऊ.

तिसरी नळी रेडिएटरची. मे महिन्यातला शनिवार, बोरघाट. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दरवर्षी बघतो ना? चढ, ऊन, एसी चालू, गाडी गोगलगाईसारखी सरकतेय. कडक झालेला होज किंवा गंजलेली क्लिप नेमकी तेव्हा सुटते. काही शे रुपयांचा पाइप, पण एक लेन बंद, मागे दोन-तीन किलोमीटर वाहनं, आणि त्यात अडकलेली ॲम्ब्युलन्स. गाडी खासगी असते हो, पण तिचा होज फुटला की तो सार्वजनिक प्रश्न होतो.

आता सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे वळू. एकाचं नाव घेत नाही, कारण हा एकाचा दोष नाही. तुमचं मागचं बिल काढा. टेफ्लॉन कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, आतली ड्रायक्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग. 'सगळे होज आणि पाइप तपासले, अमुक ठिकाणी भेगा आहेत' अशी ओळ सापडली तर मला फोटो पाठवा. तपासणीच्या यादीत बऱ्याचदा टिक असते, पण पैसे कोटिंगचे मिळतात, टॉर्च मारण्याचे मिळत नाहीत. इंजिन ड्रेसिंगचा प्रकार तर अफलातून आहे. रबरावर चकाकी आणणारा फवारा मारतात, दहा वर्षांचा होज नव्यासारखा काळाभोर दिसतो. म्हणजे रबराने पाठवलेल्या नोटिशीवर आपण पैसे देऊन रंग फासून घेतो!

आणि आपलं काय? गॅरेजवाला म्हणतो, "शेठ, होज जरा फुगलाय, बदलू का?" आपण म्हणतो, "चालतंय ना अजून? पुढच्या वेळी बघू." गळती दिसली तर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळायची, आणि वर जुगाडाचं कौतुक. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तर भर टाकायची आणि विसरायचं. अहो, ब्रेक पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू खाली जाते हे खरं. पण पटकन गेली तर ते तेल कुठेतरी बाहेर पडतंय. ते काही बाष्पीभवन होऊन ढगात जात नाही.

म्हणून सरकारला शिव्या घालायच्या आधी दहा मिनिटं स्वतःच्या गाडीला द्या. मेकॅनिक व्हायची गरज नाही.

१. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका. सकाळी बघा. स्वच्छ पाणी म्हणजे बहुधा एसीचं, चिंता नको. हिरवा, गुलाबी किंवा निळा, जरा गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. काळपट तेलकट म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बुळबुळीत ओल दिसली तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. कूलंटचा डाग धुऊन टाका. ते विषारी असतं आणि गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

२. इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. रेडिएटरचे होज बोटांनी दाबा, विशेषतः क्लिपजवळ. दाबल्यावर करकर वाजला, दगडासारखा कडक लागला, पोचट लागला किंवा फुगलेला दिसला तर त्याचं वय झालं. जोडाशी पांढरी-हिरवट खपली म्हणजे कूलंट झिरपून वाळलंय. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजतं.

३. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या चाकामागचा होज टॉर्चने बघा. भेग, ओल, फुगवटा, घासल्याची चमक. मग दुसरी बाजू. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर खारी हवा लोखंडी पाइपही खाते, ते रॅम्पवर बघून घ्या.

४. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना ब्रेक दाबून धरा. पॅडल हळूहळू खाली जात असेल तर एक दिवसही थांबू नका.

५. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब घाटात ब्रेक तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल लोण्यासारखं आत जातं.

६. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घर करतात. होज आणि वायरी कुरतडतात. हसू नका, पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

आता मागण्या. कारण दहा मिनिटं तुम्ही द्याल, पण ज्या व्हॅनमध्ये तुमचं पोर शाळेत जातं तिच्याखाली तुम्ही शिरू शकत नाही.

एक: पासिंगच्या वेळी प्रत्येक व्यावसायिक गाडीच्या ब्रेक होजचे, इंधनाच्या पाइपचे आणि जोडांचे फोटो काढून फिटनेसच्या नोंदीला जोडा, आणि गाडीचा नंबर टाकल्यावर प्रवाशाला ते दिसू द्या.

दोन: मोठ्या अपघातानंतर गाडीच्या तपासणीचा रिपोर्ट ठरलेल्या मुदतीत जाहीर करा. तोवर कोणत्याही अधिकाऱ्याने 'ब्रेक फेल' म्हणून मोकळं होऊ नये, आणि पत्रकारांनी ते छापू नये.

तीन: ई-२० च्या आधीच्या गाड्यांसाठी पंपांवर ठळक मराठीत पाटी लावा आणि इंधनाच्या होजची मोफत तपासणी शिबिरं घ्या. धोरण तुमचं, तर टॉर्चही तुमचा.

मला उत्तर माहीत आहे. "म्हणजे आरटीओला आणखी एक खिडकी, एजंटला आणखी एक दर." शंका रास्त आहे, म्हणूनच फोटो मागतोय. टिक विकत घेता येते. तारीख-वेळ असलेला, सगळ्यांना दिसणारा फोटो विकणं जरा महाग पडतं. "गरीब टॅक्सीवाल्यावर बोजा" हेही येईल. साध्या गाडीचा ब्रेक होज बदलून, ब्रेकची हवा काढून घ्यायचा खर्च एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी असतो. दंड करू नका, पंधरा दिवसांची मुदत द्या. टॅक्सीवाल्यालाही घरी बायको-पोरं आहेत, त्याला मरायची हौस नाही.

आणि "आपल्याकडे हे जमणारच नाही" म्हणणाऱ्यांना सीएनजीचं उदाहरण देतो. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी लागते आणि तशी पाटी गाडीवर असावी लागते. बऱ्याच पंपांवर पाटी बघितल्याशिवाय गॅस भरत नाहीत. लोक कुरकुरतात, पण चाचणी करून घेतात. कायदा पुस्तकात असला की आपण विसरतो, नोझल हातात धरून समोर उभा राहिला की लगेच आठवतो.

तोवर एक काम लगेच करता येईल. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. येत्या पालकसभेत उठून एवढंच विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि आमच्या मुलांच्या गाडीचे ब्रेक होज शेवटचे कोणी, कधी बघितले? उत्तर लेखी मागा. मिळालेलं उत्तर, किंवा न मिळालेलं, इथे कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल, जिल्हा मात्र लिहा. यादी करून परिवहन आयुक्तांना पाठवायची आहे.

पोस्ट नावासकट किंवा नावाशिवाय, हवी तशी पुढे पाठवा. फक्त पाठवायच्या आधी आज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका.